अट घालून उघडलेले दार : डॉ. कमला सोहोनी यांचे जीवन आणि कार्य

स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की सावित्रीमाई फुले, फातिमा शेख, ताराबाई शिंदे यांची नावे आपल्या समाजात आदराने घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. परंतु अक्षरांचे दार उघडल्यानंतर त्याच्या आत आणखी एक दार होते, ते प्रयोगशाळेचे. त्या दारापाशी मराठी स्त्री केव्हा पोहोचली, तिला तेथे कोणी अडविले आणि आत गेल्यावर तिने काय केले, हे आपल्या मुलामुलींना फारसे ठाऊक नसते. भारतीय शास्त्रज्ञांची नावे विचारली तर रामन, भाभा, कलाम ही नावे विद्यार्थी झटकन सांगतात. स्त्री शास्त्रज्ञाचे नाव विचारले की मेरी क्यूरीपाशी थांबतात. म्हणून आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत आम्ही डॉ. कमला सोहोनी यांची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

त्यांचीच निवड करण्याला आणखी एक कारण आहे. कमलाबाईंनी आयुष्यभर ज्या विषयांवर संशोधन केले, ते विषय आपल्या रोहा-पेण-अलिबागच्या शिवारात पिकतात आणि आपल्या चुलीवर शिजतात.

घरचा वारसा

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. टाटांच्या देणगीतून बंगळूरला उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेत दोघांचेही शिक्षण झाले होते. थोरली बहीण म्हणजे मराठीतील थोर लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत. १९७५ सालच्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या, हे बहुतेकांना माहीत असते. दुर्गाबाईंचा आरंभीचा अभ्यास प्राचीन बौद्ध विनयातील न्यायविचारावर होता आणि जातककथाही त्यांनी मराठीत आणल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

हा कौटुंबिक तपशील आम्ही हेतुपूर्वक देत आहोत. माणसाची गुणवत्ता मोजताना तिच्या पाठीशी कोणते घर, कोणती पुस्तके आणि किती पिढ्यांची अक्षरओळख उभी होती, हे पाहिल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. कमलाबाईंचे घर उच्चवर्णीय होते, सुशिक्षित होते आणि विज्ञानाची भाषा त्या घरात रोज बोलली जात होती. एवढे सारे असूनही त्यांना दारात अडविण्यात आले. त्यावरून ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्या वाटेवर किती दारे बंद होती, याचा अंदाज करावा.

बंगळूरचा सत्याग्रह

१९३३ साली कमलाबाई रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा अव्वल गुणांनी उत्तीर्ण झाल्या. वडील व चुलते ज्या संस्थेत शिकले, त्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळालेले आणि साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान वाटावा असे हे शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज नाकारला. कारण दिले ते असे, की स्त्रिया संशोधनाला पुरेशा सक्षम नसतात.

या नकारात शास्त्रीय असे काहीच नव्हते. प्रकाशाच्या एका किरणाविषयी विधान करण्यापूर्वी शेकडो वेळा मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञाने निम्म्या मानवजातीविषयीचा निर्णय एकही मोजमाप न घेता दिला होता. थोर बुद्धीच्या माणसाच्या मनातही पूर्वग्रह किती निर्धास्त नांदू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह केला. आपण कोणत्या कसोटीवर अपात्र ठरतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांनी नियमित विद्यार्थिनी म्हणून गणल्या न जाता उमेदवारीवर काढावे. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहाध्यायांचे चित्त विचलित होता कामा नये. तिसरी अट तर विलक्षणच म्हणावी लागेल. चित्त पुरुषांचे आणि जबाबदारी मात्र एकट्या विद्यार्थिनीची!

या प्रसंगाच्या सहाच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. ते तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, तरीही अस्पृश्य मानलेल्यांना त्याचे पाणी घेता येत नव्हते. हे दोन प्रसंग एकाच मापाने मोजता येणार नाहीत. महाडला हजारो माणसांच्या माणूसपणाचा प्रश्न होता आणि त्यासाठी त्यांनी डोकी फोडून घेतली. परंतु दोन्हीकडे अडविणाऱ्याची युक्ती एकच होती. जन्मावरून पात्रता ठरवायची आणि परीक्षेची संधीच द्यायची नाही.

बौद्ध परंपरेच्या वाचकाला येथे महाप्रजापती गौतमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तीही नकार घेऊन परत गेली नाही. केस कापून, अनवाणी चालत वैशालीपर्यंत आली आणि दाराशी उभी राहिली. तेव्हा आनंदाने तथागतांना नेमका प्रश्न विचारला, की स्त्रियांना सर्वोच्च अवस्था प्राप्त करून घेता येते की नाही? तथागतांचे उत्तर होते, येते. स्त्रीच्या क्षमतेचा प्रश्न या भूमीत अडीच हजार वर्षांपूर्वी असा निकाली निघाला होता. बंगळूरच्या दारात तो पुन्हा विचारला गेला, ही आपल्या इतिहासाची शोकांतिका आहे.

कमलाबाईंनी अटी स्वीकारल्या आणि कामाला लागल्या. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक शिस्तीचे कडक होते, पण शिकविताना त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले. रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर त्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या. एका मुलीच्या एका वर्षाच्या कामाने पुढच्या अनेक मुलींचे वर्ष वाचले.

केंब्रिज आणि बटाट्याचा श्वास

पुढील शिक्षणासाठी कमलाबाई शिष्यवृत्तीच्या आधारे इंग्लंडला, केंब्रिजला गेल्या. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले होते, हे आपण जाणतोच. गुणवंताच्या वाटेवर योग्य वेळी मिळालेली शिष्यवृत्ती किती मोलाची असते, हे या दोन्ही चरित्रांतून दिसते.

केंब्रिजमध्ये त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी १९२९ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. कमलाबाईंचा विषय होता वनस्पतींच्या पेशींचे श्वसन, आणि अभ्यासासाठी समोर होता साधा बटाटा.

त्यांचा शोध थोडा समजावून सांगितला पाहिजे. प्रत्येक जिवंत पेशी अन्नातून ऊर्जा मिळविते. अन्नाचे विघटन होताना सुटणारे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचवायचे असतात. आग लागली असताना विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहावी आणि पाण्याच्या बादल्या हातातून हातात जाव्यात, तसे हे काम चालते. या रांगेतील एक महत्त्वाचा गडी म्हणजे लोहयुक्त असे 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन. सायटोक्रोमांविषयीचे पायाभूत संशोधन डेव्हिड केलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ पासून सुरू केले होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींमध्येही हे 'सायटोक्रोम सी' असल्याचे आढळले. प्राण्याच्या स्नायूत आणि मातीखालच्या बटाट्यात श्वसनाची रीत मुळात एकच आहे, या समजुतीला त्यांच्या कामाने बळकटी दिली.

पुढे या प्रथिनाची रचना उलगडल्यावर शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या सजीवांतील 'सायटोक्रोम सी'ची तुलना केली. मनुष्यात ते १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचे असते, आणि चिंपांझीमधील साखळी त्याच्याशी कडी न् कडी जुळते. जेथे मनुष्य आणि वानर यांच्या पेशीतील हा धागा वेगळा नाही, तेथे माणसामाणसांत जन्माने उच्च-नीच मानण्याला निसर्गात कोठेही आधार मिळत नाही. प्रयोगशाळेतील एखादे शांत सत्य समाजातील कित्येक असत्यांचा पाया कसा काढून घेते, हे विद्यार्थ्यांनी यातून शिकावे.

कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. येथे अचूकतेसाठी आणखी एक नाव सांगणे आवश्यक आहे. केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळविली होती. त्या थिय्या या मागास मानल्या गेलेल्या समाजातील होत्या, आणि स्त्री म्हणून व जातीमुळे अशा दोन्ही बाजूंनी त्यांना अवहेलना सोसावी लागली. एका 'पहिली'चा गौरव करताना दुसरी विस्मरणात जाऊ नये.

केंब्रिजसारख्या विद्यापीठानेही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि सदस्यत्व दिले ते १९४८ साली, म्हणजे कमलाबाईंच्या पीएच.डी.नंतर नऊ वर्षांनी. बंद दारे केवळ आपल्याच देशात होती असे नाही.

वाल, बिरडे आणि विज्ञान

परदेशात राहण्याची संधी असतानाही कमलाबाई १९३९ मध्ये मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक अशी पदे त्यांनी भूषविली. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागात त्या प्राध्यापक झाल्या. गरिबाच्या ताटातील अन्नाचा कस मोजण्याचे त्यांचे मोठे काम येथे झाले.

मांस, अंडी, दूध विकत घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या शरीराला प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळी व कडधान्यांतून. परंतु कडधान्यात प्रथिने आहेत एवढ्याने भागत नाही, ती पचलीही पाहिजेत. आपल्या लहान आतड्यात 'ट्रिप्सिन' नावाचे पाचक विकर प्रथिनांचे तुकडे करते. काही कच्च्या कडधान्यांत असे पदार्थ असतात की ते या ट्रिप्सिनला घट्ट धरून निकामी करतात. मग खाल्लेल्या प्रथिनांचा पुरता उपयोग शरीराला होत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील या ट्रिप्सिनरोधकांचा पद्धतशीर शोध घेतला. १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेला निबंध होता वाल आणि डबल बी यांतून स्फटिकरूपात वेगळ्या केलेल्या ट्रिप्सिनरोधकांविषयी.

वाल! भाताची कापणी झाल्यावर जमिनीतल्या उरल्या ओलीवर आपल्या रोहा तालुक्यात जो पिकतो, थंडीत ज्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून पोपटी लावली जाते, तोच हा वाल. आपल्या आया-आज्या वाल रात्रभर भिजत घालतात, फडक्यात बांधून मोड आणतात, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलतात आणि मग त्याचे बिरडे शिजवितात. ही सारी खटपट केवळ चवीसाठी नव्हे. भिजविण्याने व मोड आणण्याने कडधान्य पचनास सुलभ होते, आणि शिजविताना लागणाऱ्या उष्णतेने हे रोधक बऱ्याच अंशी नष्ट होतात. निरक्षर ठेवल्या गेलेल्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या हातांनी जपलेल्या रीतीचे कारण एका शिकलेल्या स्त्रीने प्रयोगशाळेत शोधले. म्हणून 'कष्टकरी बाईला काय कळते' असे म्हणणाऱ्यास वालाचे बिरडे वाढावे आणि ट्रिप्सिनचा हा पाठही द्यावा.

मात्र जुनी रीत म्हणून ती बरोबरच, असाही निष्कर्ष यातून कोणी काढू नये. बिरड्याची रीत तपासणीला उतरली म्हणून ग्राह्य ठरली. जी उतरत नाही, ती परंपरेच्या नावाखाली चालू ठेवण्याचे कारण नाही. ग्रंथात आहे किंवा वडीलधारे सांगतात म्हणून नव्हे, तर अनुभवाने पारखून स्वीकारा, हीच तथागतांची कालामांना शिकवण होती.

नीरेचा पेला

कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळवून देणारे काम नीरेवरचे आहे. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी हा विषय त्यांना सुचविला होता. ताड, माड, शिंदी यांचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन वर चढू लागले की हा रस आंबू लागतो आणि त्याची ताडी-माडी होते. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कमलाबाईंच्या तपासणीत ताज्या नीरेत 'अ' व 'क' ही जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात आढळले, आणि नीरा आटवून गूळ केला तरी हे पोषक घटक टिकतात असेही दिसले. त्यानंतर आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा दिसून आली.

आपल्या रोहा-पेणच्या डोंगरांतील कातकरी आणि ठाकूर वाड्यांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या संशोधनाचे मोल निराळे सांगायला नको. झाड तेच आणि रसही तोच. आंबू दिला तर घर मोडतो आणि वेळीच उतरवून ताजा दिला तर पोराच्या अंगी लागतो. हा फरक दाखविणारे ज्ञान वाडीपर्यंत पोहोचविणे, हे शिकलेल्या माणसाचे कर्तव्य होय.

पद उशिरा, काम अखंड

मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदी कमलाबाईंची नेमणूक झाली, पण ती चार वर्षे लांबल्यानंतर. केंब्रिजची पदवी, 'नेचर'मधील निबंध, तयार केलेले विद्यार्थी हे सारे असतानाही स्त्रीचे नाव वरच्या पदासाठी पुढे आले की घड्याळ संथ चालू लागते! बंगळूरची अट कागदावर तरी होती. ही अट कोणी लिहिली नव्हती, तरी ती पाळली गेली.

आरे दूध प्रकल्पाला दुधाची प्रत सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना स्थापन केली होती. तिच्या कामात कमलाबाईंनी स्वतःला जोडून घेतले, १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपद सांभाळले आणि तिच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. बाजारातील भेसळीचा पहिला बळी सुटे व स्वस्त घेणारा गरीब ग्राहक ठरतो. पेशीच्या श्वसनापासून सुरू झालेले संशोधन असे वाण्याच्या दुकानातील पुडीपर्यंत येऊन पोहोचले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलींसाठी

कमलाबाईंच्या चरित्रातून आपल्या संस्थेने काय घ्यावे? आमच्या मते त्यांच्या यशाला तीन आधार होते : घरात विज्ञानाची ओळख, भेदभाव न करणारा गुरू आणि वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती. आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या बहुसंख्य मुलींच्या घरी यांतील पहिला आधार नसतो. त्यांच्यापैकी अनेकजणी दहावीपर्यंत पोहोचणाऱ्या घरातील पहिल्याच असतात. म्हणून निवासी विद्यालयाने त्यांचे दुसरे घर व्हायचे असते. तेथील ग्रंथालय हे त्यांच्या वडिलांचे कपाट, प्रयोगशाळा ही त्यांच्या चुलत्यांची गप्पांची बैठक आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेली शिष्यवृत्ती हा त्यांचा प्रवासखर्च झाला पाहिजे. शिक्षकांनी श्रीनिवासय्या व्हायचे, हे आमच्याकडे लागले.

पालकांना आमची विशेष विनंती आहे. दहावीचा निकाल लागतो आणि मुलीला विज्ञान शाखेकडे जायचे असते, तेव्हा 'तिला झेपणार नाही' हे वाक्य घराघरांतून ऐकू येते. कोणी खर्चाच्या काळजीने म्हणतो, कोणी रोज महाविद्यालयात जाण्या-येण्याच्या, कोणी लग्नाच्या. काळजी खरी असते, हे आम्ही जाणतो, आणि तिच्यावर मार्ग काढण्यास विद्यालय आपल्यासोबत आहे. पण 'झेपणार नाही' हा निर्णय परीक्षेआधीच दिला जातो, आणि तो रामन यांच्या नकाराहून वेगळा नाही. धाटावच्या रसायनांच्या कारखान्यांत नेमके काय तयार होते, कुंडलिकेचे पाणी कसे तपासतात, वाडीतल्या बाळाचे वजन का वाढत नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधणारी माणसे आपल्याच घरांतून निघाली पाहिजेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा अभिमान बाळगणाऱ्या रोह्याने उद्या एखाद्या मुलीचे नाव तितक्याच अभिमानाने सांगावे, अशी आमची मनीषा आहे.

रामन यांनी कमलाबाईंना एक वर्ष दिले होते, तेही संशयाने आणि अटी घालून. आपण आपल्या मुलींना अकरावी-बारावीची दोन वर्षे द्यावीत, विश्वासाने आणि विनाअट.